केंद्रकात कोणी जायचे आणि केव्हा



१८३१ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशींचे वर्णन केले. पानाच्या पापुद्र्यातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्यांना एक गोल, धूसर ठिपका दिसत होता आणि हा ठिपका पेशीचाच नेहमीचा भाग असावा, असे त्यांनी मांडले. केंद्रकाची ओळख अशी वनस्पतीमुळे पटली. पुढे मात्र वनस्पती मागे पडली. केंद्रकाच्या आवरणातली छिद्रे १९५० मध्ये दिसली ती उभयचर प्राण्यांच्या अंड्यांत. त्या छिद्रांतून आत जाण्याचा परवाना सापडला तो माकडाच्या विषाणूत, आणि परवाना वाचणारी प्रथिने हाती लागली ती बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून. वनस्पतीची पाळी शेवटी आली, तेव्हा बहुतेकांची अपेक्षा अशी होती की इतरत्र जे सापडले त्याचीच इथे उजळणी होईल. बरीचशी झालीही. तरी आज मला जे मांडायचे आहे ते त्या उजळणीच्या पलीकडचे आहे. वनस्पतीच्या पेशीत प्रथिनाला केंद्रकात नेणे ही नुसती पोचवणूक नाही. कितीतरी वेळा वनस्पतीचा निर्णय तिथेच होतो. आणि हा निर्णय नेणाऱ्या वाहकाकडे नसतो, तो नेल्या जाणाऱ्या प्रथिनाच्या त्या घडीच्या अवस्थेत असतो.

मुळात हा खटाटोप का करावा लागतो, ते आधी पाहू. जनुके केंद्रकात असतात आणि प्रथिने घडवणारे रायबोसोम बाहेर, पेशीद्रवात. त्यामुळे जनुक चालू करणारे, बंद करणारे, डीएनएची नक्कल काढणारे, त्याची डागडुजी करणारे प्रत्येक प्रथिन जन्मते बाहेर आणि कामाला जाते आत. रायबोसोमच्या घटक प्रथिनांची तर आणखी परवड. ती बाहेर तयार होतात, आत जातात, तिथे आरएनएशी जुळणी होते आणि मग अर्धवट बांधलेला रायबोसोम पुन्हा बाहेर येतो. केंद्रकाचे आवरण दुहेरी असते आणि त्यातून जाण्याचा मार्ग एकच, तो छिद्रांचा. साधारण ४० ते ६० किलोडाल्टनच्या आतले रेणू या छिद्रांतून आपोआप झिरपू शकतात, त्याहून मोठ्यांना कोणीतरी न्यावे लागते, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. ते खरे आहे, पण एवढ्यावर थांबले तर गैरसमज होतो. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने या मर्यादेपेक्षा पुष्कळ लहान आहेत, तरी पेशी त्यांना झिरपण्याच्या भरवशावर सोडत नाही, वाहक लावून आत नेते. आकार हा अडथळा आहे, पण नियंत्रण पेशीला त्याहून अधिक हवे असते.

परवान्याची गोष्ट १९८४ ची. एसव्ही-४० या माकडाच्या विषाणूचे टी-अँटिजेन नावाचे मोठे प्रथिन केंद्रकात गोळा होते. लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधकांनी त्यातला जरूर तेवढाच भाग शोधत नेला आणि शेवटी सात अमिनो आम्ले उरली. प्रोलीन, तीन लायसीन, अर्जिनीन, पुन्हा लायसीन, व्हॅलीन. यातले एकच लायसीन बदलले की टी-अँटिजेन बाहेर राही. आणि हीच सात आम्ले केंद्रकाशी काडीचा संबंध नसलेल्या प्रथिनाला जोडली की ते निमूट आत जाई. आम्लारीधर्मी, धन प्रभार असलेल्या अमिनो आम्लांचा हा छोटा पुंजका म्हणजे केंद्रकसंकेत. पुढे बेडकाच्या न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनात दोन तुकड्यांचा संकेत सापडला, मधे दहाएक आम्लांचे अंतर असलेला. पत्ता पाकिटावर नसतो, प्रथिनाच्या अंगातच विणलेला असतो, हे त्यातून पक्के झाले. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. पत्ता अंगात विणलेला असेल तर प्रथिनाची घडी बदलून तो झाकताही येतो. पुढचा सगळा युक्तिवाद या एका शक्यतेवर उभा आहे.

संकेत वाचणारे प्रथिन म्हणजे इम्पोर्टिन अल्फा. ते एका बाजूने संकेत पकडते आणि दुसऱ्या बाजूने इम्पोर्टिन बीटाला धरते, आणि बीटा या जोडगोळीला छिद्रातून पार नेते. छिद्र म्हणजे नुसते भोक नव्हे. आठ आरे असलेल्या चाकासारखी ती एक प्रचंड रचना असते, सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांची, प्रत्येक प्रकाराच्या अनेक प्रती. त्यांतल्या काही प्रथिनांची लांब, सैल टोके छिद्राच्या पोकळीत शिजलेल्या शेवयांसारखी एकमेकांत गुंतून लोंबत असतात. त्या टोकांवर फेनिलअलनीन आणि ग्लायसीन यांच्या जोड्या जागोजाग असतात. अनोळखी मोठा रेणू या गुंत्यात अडकतो, पण इम्पोर्टिन त्या जोड्यांना हलकेच धरत-सोडत वाट काढतो. आत गेल्यावर ओझे उतरवण्याचे काम रॅन नावाच्या छोट्या प्रथिनाचे. केंद्रकात रॅनला जीटीपी जोडलेला असतो, बाहेर जीडीपी (अर्थखात्यातला नव्हे, ग्वानोसीन डायफॉस्फेट). कारण जीटीपी बसवून देणारे प्रथिन आत, डीएनएला चिकटून असते, आणि जीटीपीचे विघटन घडवणारे रॅन-गॅप बाहेर. आतला जीटीपीवाला रॅन बीटाला येऊन बसला की अल्फा आणि माल दोन्ही सुटतात. गमतीची बाब अशी की ऊर्जा छिद्र ओलांडताना खर्च होत नाही. ती खर्च होते आत आणि बाहेर यांच्यातला हा फरक टिकवण्यात आणि रिकामे वाहक परत आणण्यात.

वनस्पतीत हा सांगाडा तोच आहे. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये अराबिडॉप्सिसच्या, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या त्या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपाच्या, छिद्रातली तीसेक प्रथिने ओळखली. बहुतेक ओळखीची निघाली. पण फरक आहेत आणि ते किरकोळ नाहीत. प्राण्यांत रॅन-गॅपला छिद्रापाशी बांधून ठेवणारे नूप-३५८ हे प्रथिन वनस्पतीत नाहीच. वनस्पतीच्या रॅन-गॅपने आपल्याच अंगात एक वेगळा भाग विकसित केला आणि तो केंद्रकावरणातल्या दुसऱ्याच प्रथिनांना जाऊन अडकतो. पेशीविभाजनाच्या वेळी हाच रॅन-गॅप, जिथे नवी पेशीभित्ती उभी राहायची आहे, नेमक्या त्या पट्ट्यात जाऊन बसतो. प्राण्यांच्या केंद्रकाला आतून अस्तर देणारी लॅमिन प्रथिनेही वनस्पतीत नाहीत, त्यांच्या जागी वेगळ्याच घराण्यातली प्रथिने आहेत. वाहतुकीच्या वागण्यातही वेगळेपण दिसले. मिशिगनमध्ये नताशा रायखेल यांच्या प्रयोगशाळेने आधी मक्याच्या ओपेक-२ या प्रथिनातले केंद्रकसंकेत शोधले. ओपेक-२ म्हणजे ज्याच्या बिघाडामुळे मक्याच्या दाण्यात लायसीन वाढते, हे १९६४ पासून ठाऊक असलेले जनुक. मग १९९६ मध्ये त्यांनी तंबाखूच्या भित्ती काढलेल्या पेशींत दाखवले की प्रथिने ४ अंश सेल्सियसलाही केंद्रकात जातात. प्राण्यांच्या पेशींत या थंडीत माल छिद्राच्या तोंडाशी येऊन खोळंबतो. १९९९ मध्ये दिसले की वनस्पतीचा इम्पोर्टिन अल्फा बीटाच्या मदतीशिवायही संकेत घट्ट पकडतो आणि माल आत नेऊ शकतो. प्राण्यांतल्या अल्फाला बीटाचा हात लागल्याखेरीज संकेत नीट धरता येत नाही. या सगळ्याचा अर्थ कोणी असा लावेल की वनस्पतीचा दरवाजा सैल आहे. मी तसा लावत नाही. वाहक सदैव तयार असेल, तर नियंत्रण दुसरीकडे असायला हवे, एवढेच त्यातून निघते.

ते कुठे आहे याचा सर्वांत स्वच्छ पुरावा प्रकाशाच्या अभ्यासातून आला आहे. अंधारात रुजलेले मोहरीचे रोप आपण पाहिलेले असते. लांबुळके, फिकट, शेंड्याला आकडी आणि बीजदले मिटलेली. प्रकाश लागला की देठ लांबायचा थांबतो, आकडी सरळ होते, बीजदले उघडतात, हिरवी होतात. हा बदल घडवण्यासाठी शेकडो जनुकांचा व्यवहार बदलावा लागतो. प्रकाश ओळखणारी प्रथिने म्हणजे फायटोक्रोम. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलला लेट्यूसच्या बियांवर झालेल्या प्रयोगांतून त्यांचा सुगावा लागला. तांबड्या प्रकाशाने बी रुजते, दूर-तांबड्या प्रकाशाने रुजणे थांबते, आणि शेवटचा झोत कोणता होता त्यावर निकाल ठरतो. फायटोक्रोम अंधारात पेशीद्रवात असतो. ओटच्या फायटोक्रोमची एक साखळीच सुमारे १२४ किलोडाल्टनची आणि तो जोडीने राहतो, त्यामुळे झिरपून आत जाण्याचा प्रश्नच नाही. १९९६ ते १९९९ या काळात जपान आणि जर्मनीतल्या गटांनी दाखवले की प्रकाश मिळाल्यावर फायटोक्रोम केंद्रकात शिरतो. त्याला चमकणारे हिरवे प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की अंधारात सगळी पेशी अंधुक हिरवी दिसते, आणि प्रकाश दिल्यावर केंद्रक उजळते, त्यात ठळक ठिपकेही उमटतात.

फायटोक्रोम-ए च्या बाबतीत हे कसे होते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या अंगात कामाचा केंद्रकसंकेत नाही. तो ज्याच्याकडे आहे ते एफएचवाय-१ नावाचे लहानसे प्रथिन, आणि त्याचा भाऊ एफएचएल. प्रकाशाने फायटोक्रोमची घडी बदलली की एफएचवाय-१ त्याला चिकटते आणि आपल्या परवान्यावर त्याला आत घेऊन जाते. दोन्ही भाऊ नसलेले रोप दूर-तांबड्या प्रकाशात ठेवले तर अंधारात असल्यासारखे लांबच लांब वाढत जाते. डोळे आहेत, प्रकाश पडतो आहे, फायटोक्रोम जागाही होतो आहे, पण रोप आंधळे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन गोष्टी केल्या गेल्या. एक, या आंधळ्या रोपातल्या फायटोक्रोमला थेट केंद्रकसंकेत जोडला, आणि रोपाला दूर-तांबड्या प्रकाशाचा प्रतिसाद परत मिळाला. दुसरी, एफएचवाय-१ मधला बाकीचा सगळा भाग काढून टाकला. नुसता केंद्रकसंकेत, फायटोक्रोमला धरण्याची जागा आणि मधे कसलाही भराव असे कृत्रिम प्रथिन बनवले, आणि तेही चालले. उरलेला एफएचवाय-१ शोभेचाच होता असे मी म्हणणार नाही, पण त्याचे मुख्य काम काय, याबद्दल शंका उरत नाही. पुढे २०११ मध्ये गणिती प्रारूप आणि प्रयोग यांची सांगड घालून असे मांडले गेले की फायटोक्रोम-ए दूर-तांबड्या प्रकाशालाच सर्वाधिक प्रतिसाद का देतो, याचे उत्तर प्रकाशाने होणारा घडीबदल आणि केंद्रकात नेण्या-आणण्याची ही फेरी यांच्या मेळात आहे. दाट झाडोऱ्याच्या सावलीत पोचणारा प्रकाश दूर-तांबडाच जास्त असतो, कारण तांबडा वरची पाने शोषून घेतात. त्या सावलीत रुजणाऱ्या रोपाला प्रकाश आहे हे कळावे की न कळावे, ते या ने-आणीवर ठरते. पोचवणूक आणि निर्णय वेगळे काढता येत नाहीत, ते इथे दिसते.

दुसरे उदाहरण रोगप्रतिकाराचे. पानाच्या एका कोपऱ्यात रोग लागला की वनस्पतीत सॅलिसिलिक आम्ल वाढते आणि दूरची पानेही सावध होतात. तंबाखूच्या पानांना अ‍ॅस्पिरिन टोचले तर विषाणूला विरोध वाढतो, हे १९७९ मध्येच दिसले होते. सॅलिसिलिक आम्लाचा निरोप जनुकांपर्यंत नेणारे प्रथिन म्हणजे एनपीआर-१. एरवी ते पेशीद्रवात असते, अनेक प्रती गंधकाच्या बंधांनी एकमेकींत जखडलेल्या. सॅलिसिलिक आम्ल वाढले की पेशीतला क्षपण-ऑक्सिडीकरणाचा तोल बदलतो, ते बंध तुटतात, सुट्या झालेल्या प्रती केंद्रकात जातात, हे ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये दाखवले. त्याआधी २००० मध्ये त्यांनी एक चतुर प्रयोग केला होता. एनपीआर-१ ला प्राण्यांच्या एका संप्रेरक-ग्राहीचा तुकडा जोडला. हा तुकडा असा की डेक्सामेथासोन हे औषध दिल्याखेरीज तो जोडीदाराला केंद्रकात जाऊ देत नाही. मग सॅलिसिलिक आम्ल दिले, पण औषध दिले नाही. प्रतिकाराची जनुके गप्प. औषधही दिले, प्रथिन आत गेले आणि जनुके बोलू लागली. इथेही वाहक तेच, छिद्रेही तीच. बदलली ती फक्त मालाची अवस्था.

आता साक्षीला शत्रूला बोलवू. कोकणातल्या भातशेतीला कडा करपा नवा नाही. पानाच्या कडेने नागमोडी पिवळा पट्टा खाली उतरत येतो आणि पान वाळते. हा रोग करणारा झॅन्थोमोनास जिवाणू पेशीच्या आत शिरत नाही. बाहेर राहूनच तो सुईसारख्या यंत्रणेने आपली काही प्रथिने पेशीद्रवात टोचतो. त्यांतल्या टाल नावाच्या प्रथिनांना थेट भाताच्या जनुकाशेजारी जाऊन बसायचे असते. एक टाल प्रथिन भाताचे स्वीट-११ हे शर्करा बाहेर सोडणारे जनुक चालू करते, आणि जिवाणूची जेवणाची सोय होते. पण त्यासाठी केंद्रकाचे आवरण ओलांडायला हवे. जिवाणूला स्वतःला केंद्रक नाही, तरी त्याच्या या प्रथिनांत अस्सल केंद्रकसंकेत आहेत. ते खोडले की प्रथिने निकामी होतात. मिरचीवरच्या झॅन्थोमोनासचे असेच एक प्रथिन मिरचीच्या इम्पोर्टिन अल्फाला धरते, हे २००१ मध्ये दाखवले गेले. मुळांवर गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियमही याच वाटेने जातो. तो आपल्या डीएनएचा एक धागा पेशीत सोडतो, त्या धाग्याच्या टोकाला व्हीआयआर-डी२ हे प्रथिन घट्ट बांधलेले असते, आणि त्या प्रथिनावर वनस्पतीला वाचता येणारा संकेत असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात २००२ पासून आलेल्या पहिल्या बीटी कापसाचे मूळ या मार्गानेच तयार झाले होते. कोकर-३१२ या कापसाच्या पेशींत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने जनुक नेले, आणि ते नेताना केंद्रकाच्या दारात कापसाचेच इम्पोर्टिन राबले असणार. दुसरा मार्गच नव्हता.

शत्रूच्या या साक्षीतून एक बारीक गोष्ट निघते. हैदराबादच्या दोन संस्थांनी, सीसीएमबी आणि भात संशोधन संचालनालय यांनी, कडा करप्याला दाद न देणारी सुधारित सांबा मसुरी २००८ मध्ये दिली. तिच्यात तीन प्रतिकारक जनुके आहेत. त्यांतले एक्सए-२१ पेशीच्या पडद्यावर पहारा देते. एक्सए-१३ हे स्वीट-११ चेच रूप आहे. त्याच्या नियंत्रक भागात असा बदल आहे की टाल प्रथिनाला तिथे बसताच येत नाही. एक्सए-५ जनुकवाचनाच्या यंत्रणेतला बदल आहे. म्हणजे एक अडसर पेशीच्या वेशीवर, दोन केंद्रकाच्या आत. केंद्रकाच्या दारात एकही नाही. याचे कारण माझ्या मते उघड आहे. शत्रूने वाहकच पकडला असेल, तर त्या वाहकाला नकार द्यायला शिकवणे म्हणजे आपल्याच प्रथिनांना नकार देणे. वाहकाला निवड करता आली असती, तर उत्क्रांतीने आणि पैदासकारांनी तिथेच हात घातला असता.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप माझ्या मांडणीला आतून छेद देणारा आहे. अराबिडॉप्सिसमध्ये इम्पोर्टिन अल्फाचे नऊ प्रकार आहेत. वाहकाला निवड नसेल तर नऊ कशाला? शिवाय २००८ मध्ये दिसले की त्यांतला चौथा प्रकार नसलेल्या रोपाच्या मुळांवर अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची डाळ शिजत नाही, इतर एकेक प्रकार काढला तर असा फरक पडत नाही. आणि सतत सावध राहून खुजे झालेल्या एका उत्परिवर्तित रोपात तिसरा प्रकार काढून टाकला की खुजेपणा बराचसा जातो. म्हणजे वाहक निवडतात! पण त्याच २००८ च्या अभ्यासात पुढे असेही दिसले की चौथा प्रकार नसलेल्या रोपात दुसरे काही प्रकार भरपूर बनवायला लावले, तरी अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचे काम पुन्हा सुरू होते. फरक निवडीचा असता तर संख्येने तो भरून निघाला नसता. कोणता प्रकार कोणत्या अवयवात किती बनतो, यावर बरेच काही अवलंबून दिसते. तरी या बाबतीत मी हट्ट धरणार नाही. नऊ प्रकारांची पसंती काही अंशी वेगळी असेल. माझे म्हणणे एवढेच की 'आता जा, नंतर जा' हा काळाचा निर्णय या पसंतीतून होत नाही. पसंती ही कायमची असते, पेशीला हवा असतो तो बदल.

दुसरा आक्षेप असा की प्रथिन केंद्रकात गोळा झाले म्हणजे ते आत नेले गेलेच, असे नाही. ये-जा दोन्ही बाजूंनी अखंड चालू असते. आत कोणी तरी त्याला धरून ठेवले तरी ते आत जास्त दिसेल. हा आक्षेप योग्य आहे, आणि फायटोक्रोम-बी च्या बाबतीत त्यावर खरोखरच वाद झाला. २००५ मध्ये मांडले गेले की प्रकाशाने त्याच्या स्वतःच्या अंगातला झाकलेला संकेत उघडा पडतो. २०१२ मध्ये, अ‍ॅसिटाब्युलेरिया या एकपेशीय समुद्री शेवाळाची वेगळी काढलेली केंद्रके वापरून, असे दाखवले गेले की पीआयएफ कुळातली जनुक-नियंत्रक प्रथिने त्याला आपल्यासोबत आत नेऊ शकतात. दोन्ही प्रकारांत प्रकाशाने घडी बदलते आणि प्रवेश मिळतो, पण धरून ठेवण्याचा वाटा किती, हे त्यावरून ठरत नाही. म्हणूनच मी माझा भार फायटोक्रोम-ए वर टाकला. एफएचवाय-१ आणि एफएचएल नसलेल्या रोपात केंद्रकातले भागीदार जागेवरच असतात. धरून ठेवणे पुरेसे असते तर फायटोक्रोम तिथे साठला असता, रोपाने प्रतिसाद दिला असता. तो फक्त संकेत जोडल्यावर मिळाला.

तिसरा आक्षेप मोजमापाचा. चमकणारी किंवा रंग देणारी प्रथिने जोडून पाहिलेले दृश्य कितपत खरे? अंधारात केंद्रकात राहून प्रकाश-प्रतिसाद दाबणारे सीओपी-१ हे प्रथिन प्रकाशात बाहेर पडते, हे १९९४ मध्ये रंग देणाऱ्या एका भल्यामोठ्या जोडप्रथिनाच्या मदतीने दिसले. त्या प्रयोगांतले बाहेर पडणे इतके सावकाश होते की प्रतिसाद आधी आणि स्थलांतर मागून, असा संशय रास्त वाटे. २०१४ मध्ये पुन्हा मोजले तेव्हा केंद्रकातले सीओपी-१ लवकर घटते आणि त्यानंतर त्याचे भक्ष्य असलेले एचवाय-५ साठते, असा क्रम दिसला. कारण आणि परिणाम यांचा क्रम उपकरणानुसार उलटा दिसू शकतो, हे मान्य करायला हवे. म्हणून ज्या उदाहरणांत प्रवेश मुद्दाम रोखून किंवा मुद्दाम घडवून पाहिलेला नाही, ती मी पुराव्यात धरत नाही. याच कारणाने छिद्रातल्या प्रथिनांच्या बिघाडाची उदाहरणेही बाजूला ठेवतो. लोटस जपोनिकस या शेंगवर्गीय रोपात छिद्राच्या प्रथिनांत बिघाड झाला की मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. अराबिडॉप्सिसमध्ये अशाच बिघाडाने प्रतिकारशक्ती खालावते. मोहात पाडणारी उदाहरणे आहेत, पण त्याच छिद्रांतून आरएनए बाहेर येतो आणि छिद्र बिघडले की सगळेच बिघडते. त्यातून प्रवेशाच्या निर्णयाबद्दल काही सिद्ध होत नाही.

राहता राहिला सर्वांत सरळ आक्षेप. माकडाच्या विषाणूचा तो सात आम्लांचा संकेत वनस्पतीतही बिनतक्रार चालतो. मग वनस्पतीचे वेगळे काय? यंत्रणा वेगळी असल्याचा माझा दावाच नाही. वेगळा आहे तो यंत्रणेवरचा भार. प्राणी सावलीतून उठून उन्हात जाऊ शकतो, रोगट जागा सोडू शकतो. रुजलेल्या रोपाला तेवढी मोकळीक नसते. त्याला परिस्थितीला तोंड द्यायचे ते मुख्यतः जनुकांचा व्यवहार बदलून, आणि प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनानेच स्वतः केंद्रकात जाऊन तो बदलावा, हा मार्ग वनस्पतीने निवडला. आपल्या डोळ्यातले प्रकाशग्राही प्रथिन पडद्यातच राहते आणि निरोप चेतातंतूंवर सोपवते.

विषाणूच्या त्याच संकेताचा उपयोग आज जनुक-संपादनात रोज होतो. डीएनए कापणारे कॅस-९ हे जिवाणूचे प्रथिन सुमारे १६० किलोडाल्टनचे, आणि केंद्रक म्हणजे काय हे त्याच्या मूळ मालकाला ठाऊक नसल्यामुळे त्याला टी-अँटिजेनचा किंवा न्यूक्लिओप्लाझ्मिनचा संकेत चिकटवून वनस्पतीत सोडतात. हा संकेत सदैव उघडा असतो. एकदाच कापायचे असेल तर त्याने भागते. पण एखादे नियंत्रक प्रथिन करपा लागल्यावरच, किंवा सावली पडल्यावरच आत जावे असे हवे असेल, तर उघडा संकेत कुचकामी आहे. तिथे एनपीआर-१ सारखे जखडून ठेवणे किंवा एफएचवाय-१ सारखा उसना परवाना, यांचीच नक्कल करावी लागेल. भातासाठी एक सोयीची गोष्ट हाताशी आहे. २०१२ मध्ये भाताच्या इम्पोर्टिन अल्फाची स्फटिक-रचना उलगडली. तिच्यात संकेत धरण्याच्या दोन खोबणी आहेत, आणि वनस्पतीपुरते मर्यादित असे काही संकेत त्यांतल्या दुय्यम मानल्या गेलेल्या खोबणीत बसतात. उंदराच्या इम्पोर्टिनवर मात्र तेच संकेत मुख्य खोबणीत बसतात. झाकता-उघडता येणारा संकेत भातासाठी बांधायचा असेल, तर माकडाच्या विषाणूऐवजी या दुय्यम खोबणीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते.